बारापैकी शून्य

21 मार्च 2019 ला जॅक्सनव्हिलमध्ये वॉफर्ड कॉलेजच्या फ्लेचर मॅगीने सीटन हॉलविरुद्ध सात थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेघेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट, घातले. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, कारकिर्दीतल्या सर्वाधिक थ्रींचा विक्रम तोवर 504 चा होता. मॅगी 509 वर पोचला. दोन दिवसांनी त्याच शहरात वॉफर्डची गाठ केंटकीशी पडली. मॅगीने बारा थ्री मारले आणि एकही बसला नाही. वॉफर्ड 56-62 असं हरलं, सीझन संपला आणि मॅगीचं कॉलेजचं करिअरही तिथेच संपलं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबून हळहळतात. विक्रम करणारा पोरगा ऐन वेळी ढेपाळला, दडपण आलं, वगैरे. मला हे पटत नाही, कारण हा प्रकार एकट्या मॅगीचा नाही. 1987-88 च्या सीझनमध्ये ॲरिझोनाच्या स्टीव्ह करने थ्री घालण्याचं प्रमाण 57.3 टक्क्यांवर नेलं होतं. आजही हा आकडा वाचताना छपाईची चूक वाटते. त्याचा शेवटचा कॉलेज सामना फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीत, ओक्लाहोमाशी झाला. त्यात तेरापैकी दोन शॉट बसले. ड्यूक युनिव्हर्सिटीचा जेजे रेडिक, ज्याचा विक्रम शेवटी 457 थ्रींवर थांबला, 2006 च्या मार्चमध्ये एलएसयूसमोर, म्हणजे लुइझियाना स्टेटसमोर, उभा राहिला, तेव्हा अठरापैकी तीन. तारीखही 23 मार्चच, मॅगीच्या सामन्याची.

यात शाप वगैरे काही नाही, साधा हिशेब आहे. मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीची. अडुसष्ट संघांतला एक सोडला तर बाकी सगळ्यांचा सीझन पराभवाने संपतो. ज्या संघाचं पोट एका शूटरच्या हातावर चालतं, तो संघ हरतो कधी? त्या शूटरचे शॉट बसत नाहीत त्या दिवशी. म्हणजे शूटरचा शेवटचा सामना हा बऱ्याचदा त्याच्या सगळ्यात वाईट सामन्यांपैकी एक असणार, हे स्पर्धेच्या रचनेतच आहे. बसले असते तर तो सामना शेवटचा ठरलाच नसता.

आता आकडेमोड करून बघू. थ्रीचं प्रमाण चाळीस टक्के असलेल्या शूटरचे ओळीने बारा शॉट चुकण्याची शक्यता साधारण 460 मध्ये एक. दुर्मीळ खरी, पण हा हिशेब प्रत्येक शॉट सारखाच मोकळा धरून केलेला आहे. केंटकीसारख्या संघाची उंच, लांब हातांची पोरं चाळीस मिनिटं अंगाला चिकटून असतील तर चाळीस टक्के हा आकडा उरतच नाही. मला बारा चुकले याचं एवढं वाटत नाही. सहा-सात चुकल्यावर त्याने आठवा मारला, अकरा चुकल्यावर बारावा मारला, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. शूटर म्हणून ज्याला चार वर्षं संघात ठेवलंय, त्याचं कामच ते आहे. तो मारायचा थांबला की त्याच्यावर नजर ठेवून असलेला डिफेंडर मोकळा होतो, आत जाऊन मदत करतो आणि मग बाकीच्या चौघांचीही जागा आवळली जाते.

ही नोकरी तयार झाली ती एका रेघेमुळे. 1980 च्या नोव्हेंबरात सदर्न कॉन्फरन्सने, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या एका गटाने, प्रयोग म्हणून कोर्टवर थ्रीची रेघ आखली आणि वेस्टर्न कॅरोलिनाच्या रॉनी कारने कॉलेजमधला पहिला थ्री घातला. पुढे वॉफर्ड याच कॉन्फरन्समध्ये आलं, हा योगायोग मला आवडतो. देशभर नियम लागू झाला 1986-87 मध्ये, रेघ 6.02 मीटरवर. तेव्हाच्या बड्या कोचांना हा सर्कशीचा प्रकार वाटला होता. इंडियानाचे बॉब नाइट उघड विरोधात होते, आणि त्याच वर्षी त्यांच्या स्टीव्ह अल्फर्डने फायनलमध्ये दहापैकी सात थ्री घालून त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. 2008 मध्ये रेघ 6.32 मीटरवर गेली आणि 2019-20 पासून आंतरराष्ट्रीय 6.75 मीटरवर. म्हणजे पुण्या-नागपुरातल्या कोर्टवर जी रेघ आखलेली असते, तेवढ्याच अंतरावरून आता अमेरिकेतली कॉलेजची पोरं मारतात. मॅगीचे 509 आणि रेडिकचे 457 मात्र जवळच्या रेघेवरचे आहेत, हे तुलना करताना विसरू नये.

कोपऱ्यात ही रेघ सरळ होते आणि रिंगपासूनचं अंतर 6.60 मीटर राहतं. तिथे रेघ आणि साइडलाइन यांच्यात जेमतेम एक मीटर जागा असते. चौदा-पंधरा नंबरचे बूट घालणाऱ्या माणसाला त्यात दोन्ही पाय बसवायचे असतात. बुटाचं टोक रेघेला लागलं तर तीनाचे दोन होतात, टाच बाहेर गेली तर बॉल समोरच्यांचा. म्हणून कोपऱ्यातला शूटर बॉल यायच्या आधी एकदा खाली बघून घेतो. एकदाच. बॉल हवेत असताना खाली बघणारा शूटर उशीर करतो.

शॉटचा हिशेब सगळा रिंगपाशी आहे. रिंगचा व्यास 45.7 सेंटिमीटर, बॉलचा साधारण 24. वरून सरळ खाली बघितलं तर जवळजवळ दोन बॉल शेजारीशेजारी मावतील एवढी जागा दिसते. पण बॉल येतो तिरका, आणि त्याला रिंग गोल दिसत नाही, चपटी दिसते. पंचेचाळीस अंशांनी खाली येणाऱ्या बॉलसाठी ती जागा 32 सेंटिमीटरच्या आसपास उरते, म्हणजे आठ सेंटिमीटरची सूट. तीस अंशांनी आला तर 23 सेंटिमीटरच उरतात. बॉलच 24 चा. तो रिंगला न लागता आत जाऊच शकत नाही. सपाट मारणाऱ्या पोराला कोच 'कमान दे, कमान दे' म्हणून ओरडत असतो, त्यामागे ही भूमिती आहे. उलट फार उंच मारला तर अंतराचा अंदाज बिघडतो आणि जोरही जास्त लागतो. म्हणून रिंगपाशी पंचेचाळीसच्या आसपासचा कोन बरा, आणि त्यासाठी हातातून बॉल सुटताना कोन पन्नासच्या थोडा वर हवा.

आणि बॉलला उलटी फिरकी हवी, सेकंदाला दोन-तीन फेरे. बोटांच्या शेवटच्या पेरांवरून, तर्जनी आणि मधल्या बोटावरून बॉल सुटला की ती आपोआप मिळते. फिरकीने बॉल रिंगवर किंवा बोर्डवर आपटल्यावर मंदावतो, मऊ पडतो आणि आत घरंगळतो. तळहातातून ढकललेला बॉल त्याच जागी लागून सहा फूट बाहेर उडतो. प्रेक्षक म्हणतात, नशीब नव्हतं.

मात्र हात हा शूटिंगचा शेवटचा भाग. खरं काम पायांत आणि बॉल येण्याआधी होतं. बॉल मिळाल्यापासून सुटेपर्यंत अर्धा ते पाऊण सेकंद, एवढाच वेळ कॉलेजमध्ये मिळतो. तेवढ्यात चार मीटरवरचा डिफेंडर हात वर करून अंगावर आलेला असतो. म्हणून गुडघे आधी वाकलेले हवेत. बॉल झेलल्यावर वाकायला सुरुवात करणारा पोरगा सरावात कितीही देखणा मारत असो, सामन्यात त्याचा शॉट ब्लॉक होतो किंवा तो घाईने मारतो. पाय लावायच्या दोन पद्धती: दोन्ही पाय एकदम टेकवायचे, म्हणजे हॉप, किंवा आधी एक, मग दुसरा. उजव्या हाताच्या शूटरला डावीकडून उजवीकडे पळत येताना एक-दोन सोयीचा, कारण पहिल्या पायावर वेग मोडता येतो. जागेवर उभं राहून झेलायचा असेल तर हॉप. कोणती पद्धत चांगली यावर कोच लोक तासन् तास वाद घालतात. चांगल्या शूटरला दोन्ही येतात आणि तो वाद घालत बसत नाही.

आता स्क्रीन. प्रेक्षकांचं सगळं लक्ष बॉलकडे असतं म्हणून हा भाग बहुतेकांना दिसतच नाही. शूटर बॉलशिवाय पळत असतो, एका सामन्यात चार-पाच किलोमीटर सहज, आणि आपल्या संघातल्या एखाद्या उंच गड्याच्या अंगाला घासून जातो, म्हणजे मागचा डिफेंडर त्या गड्याला धडकावा. घासून म्हणजे शब्दशः. शूटरचा खांदा स्क्रीन देणाऱ्याच्या कमरेला लागला पाहिजे. मध्ये हातभर फट राहिली की डिफेंडर त्या फटीतून शिरतो आणि सगळी धावपळ वाया. शिवाय स्क्रीनकडे थेट पळायचं नाही. आधी दोन पावलं उलट दिशेला, सावकाश; डिफेंडर त्या बाजूला झुकला की मग एकदम वेग. नवखे शूटर पूर्ण वेगाने सुरुवात करतात. वेग बदलला नाही तर नुसत्या वेगाचा उपयोग नसतो.

स्क्रीनवरून निघताना डिफेंडर कुठून येतोय ते वाचायचं. मागून पाठलाग करतोय? मग स्क्रीनला वळसा घालून आत, रिंगकडे. तो स्क्रीनच्या पलीकडून आडवाटेने पुढे जाऊन वाट अडवतोय? मग मागे सरकून कोपऱ्याकडे. पास डोक्यावरून येईल. तो आधीच वरच्या बाजूला उभा राहून स्क्रीनपर्यंत जाऊच देत नसेल, तर सरळ त्याच्या पाठीमागून रिंगकडे धाव. हे वाचन एका पावलात होतं आणि पास देणाऱ्यानेही तेच वाचलेलं असावं लागतं. नाहीतर शूटर कोपऱ्यात आणि बॉल प्रेक्षकांत. मोठ्या शूटरच्या आकड्यांत एका चांगल्या पासरचे आणि दोन रुंद खांद्यांच्या गड्यांचे आकडे लपलेले असतात, पण त्यांच्या नावावर विक्रम लागत नाही. मॅगीने यात स्वतःची भर घातली होती: पाठ रिंगकडे असताना झेलायचा, उडी मारतानाच अंग फिरवायचं आणि वाकड्यातिकड्या अवस्थेत मारायचा. कुठल्याही शिबिरात हे चुकीचं म्हणून शिकवतात. त्याने ते हजारो वेळा घोटलं होतं, म्हणून त्याला चाललं.

चुका कशा ओळखायच्या? बॉल कुठे लागतो ते बघायचं. रिंगच्या पुढच्या कडेला लागून आखूड पडत असेल तर हातात दोष शोधू नये, पाय दमलेत. दुसऱ्या हाफच्या शेवटच्या आठ मिनिटांत आखूड शॉट वाढतात ते यामुळे. बॉल डावीकडे-उजवीकडे जात असेल तर बघायचा तो दुसरा हात. तो फक्त आधाराला असतो. सुटताना त्याच्या अंगठ्याने जरा जरी धक्का दिला तरी बॉल सरळ रेषेतून ढळतो. कोपर बाहेर फाकलं तरी तेच. सरळ रेषेत पण लांब जाऊन मागच्या कडेला लागणारा शॉट मात्र चांगल्या लक्षणाचा. सरावात असे चुकले तर कोच काही बोलत नाही.

सरावाचा एक साधा नियम: मारलेले मोजू नका, बसलेले मोजा. कोर्टवर पाच जागा, दोन कोपरे, दोन बाजू आणि एक समोर. प्रत्येक जागेवर दहा बसल्याशिवाय पुढे जायचं नाही. कॉलेजचे शूटर सुट्टीत दिवसाला तीनशे ते पाचशे बसवतात. मध्येमध्ये दम लागलेला असतानाच फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारा बिनअडथळ्याचा शॉट, मारतात, कारण सामन्यात फ्री थ्रो कधीच ताजातवाना असताना मिळत नाही. बहुतेक जिममध्ये बॉल परत फेकणारं मशीन असतं: रिंगभोवती जाळं, बॉल खाली गोळा होतो आणि मशीन पुन्हा छातीवर फेकतं. तासाभरात शेकड्यांनी शॉट होतात. सोय मोठी आहे, खोटही आहे. मशीनचा प्रत्येक पास सारखा, छातीवर, वेळेवर. सामन्यात पास गुडघ्यावर येतो, डोक्यावर येतो, अर्धा सेकंद उशिरा येतो. मशीनवर ऐंशी टक्के बसवणारी आणि सामन्यात तिशीत घुटमळणारी पोरं प्रत्येक संघात असतात. एक वाईट पास देणारा मित्र मशीनपेक्षा कामाचा.

टक्केवारीवरून शूटर ठरवतानाही जरा दमानं घ्यावं. मुळात चाळीस टक्क्यांचा असलेला पोरगा सीझनमध्ये दोनशे थ्री मारून निव्वळ नशिबाने 36 टक्के दाखवू शकतो किंवा 44. एकाला बाकावर बसवतात, दुसऱ्याचा वर्तमानपत्रात फोटो येतो. अनुभवी कोच म्हणून फ्री थ्रोची टक्केवारी आधी बघतात. तिथे डिफेंडर नसतो, अंतर दर वेळी ठरलेलं असतं, हाताचं खरं माप कळतं.

दुसऱ्या बाजूने मात्र शूटरचं आयुष्य अवघड असतं. प्रतिस्पर्धी कोच व्हिडिओ बघून पहिला प्रश्न विचारतो: हा डिफेन्समध्ये कुणाला धरतो? मग त्याच माणसाकडे बॉल देऊन, स्क्रीन लावून शूटरला एकटं गाठलं जातं. पाच वेळा गाठलं आणि चार वेळा बास्केट झाली की त्याचे तीन थ्री तिथेच जवळजवळ वसूल झाले. आणि बॉल आपल्याकडे असताना त्याच्यावर सगळ्यात चिवट गडी सोडतात. 2006 मध्ये एलएसयूने रेडिकवर गॅरेट टेंपल सोडला होता. तो बॉलकडे बघतही नव्हता, फक्त रेडिककडे. तो मागे पडलाच, तर मागे ग्लेन डेव्हिस आणि टायरस थॉमस हे दोन दांडगे उभेच होते. अठरापैकी तीन हा आकडा रेडिकच्या नावावर लागला, पण त्यात टेंपलच्या पायांचाही वाटा होता. टेंपल पुढे दहा वर्षांहून जास्त एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळला.

आणि पुढे काय? डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त संघ. एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जागा साठ, त्यातही काही परदेशी खेळाडूंना जातात. वर एनबीएची रेघ समोरून 7.24 मीटर, म्हणजे कॉलेजपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर लांब. नुसत्या शूटिंगवर तिथे टिकणारा क्वचित. क्रेटन युनिव्हर्सिटीचा काइल कोर्व्हर 2003 मध्ये 51 वा निवडला गेला आणि न्यू जर्सी नेट्सने त्याला लगेच रोख रकमेला फिलाडेल्फियाला विकून टाकलं. त्या पैशातून एक फोटोकॉपी मशीन आलं, असं खुद्द कोर्व्हर हसत सांगतो. त्याने पुढे एनबीएत 2,450 थ्री घातले. रेडिक अकरावा निवडला गेला, पहिली काही वर्षं बहुतेक बाकावर काढली, डिफेन्स शिकला आणि पंधरा सीझन खेळला. मॅगीला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही.

म्हणून बहुतेकांसाठी कॉलेज हेच सगळं. जॅक गोल्की हा त्याचा टोकाचा नमुना. मिशिगनमधल्या हिल्सडेल या डिव्हिजन टू कॉलेजातून तो शेवटच्या वर्षासाठी ओकलंड युनिव्हर्सिटीत आला. कोच ग्रेग कॅम्पी तिथे 1984 पासून. मॅगीने मोडलेला 504 चा विक्रमही त्यांच्याच ट्रॅव्हिस बेडरचा, म्हणजे शूटरला मोकळा सोडायची सवय या घराला जुनी. गोल्कीने त्या सीझनमध्ये राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत 335 शॉट मारले होते. त्यातले दोनाचे आठ. बाकी सगळे थ्री.

21 मार्च 2024 ला पिट्सबर्गमध्ये चौदाव्या मानांकनाच्या ओकलंडसमोर तिसऱ्या मानांकनाचं केंटकी होतं. कोच जॉन कॅलिपारी, पाच वर्षांपूर्वी मॅगीला शून्यावर ठेवणारेच. गोल्कीने वीस थ्री मारले, दहा घातले. त्यातले बरेच पळता पळता, स्क्रीनला घासून, समोर हात असताना. ओकलंड 80-76 ने जिंकलं. काही आठवड्यांत कॅलिपारी केंटकी सोडून आर्कन्सॉला गेले.

दोन दिवसांनी, 23 मार्चला, ओकलंडची गाठ नॉर्थ कॅरोलिना स्टेटशी पडली. गोल्कीने सतरा थ्री मारले, सहा बसले. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि ओकलंड 73-79 हरलं.